कॉलेजच्या वार्षिकांकाची मांडणी तुमच्याकडे आलीय? मग आधी हे वाचा

"तुला कॉम्प्युटरवरचं जमतं ना? मग यंदाचा अंक तूच लाव." सरांच्या या एका वाक्यावर आमच्या कॉलेजचा वार्षिकांक माझ्या गळ्यात पडला. मी तेव्हा एस. वाय. बी. ए. ला होते. माझं 'जमणं' म्हणजे गणेशोत्सवाचे दोन बॅनर आणि स्नेहसंमेलनाची एक पत्रिका, बस्स. आज मी पुस्तकांच्या मांडणीचंच काम करते, आणि दर वर्षी जानेवारी उजाडला की कॉलेजातल्या कुणा ना कुणा मुलाचा फोन येतो: ताई, अंक माझ्याकडे आलाय, काय करू? फोनवर जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

हे काम सजावटीचं आहे असं समजून मी त्यात उतरले होते. प्रत्यक्षात ते निघालं मोजमापाचं, याद्यांचं आणि पुन्हा पुन्हा वाचण्याचं. चित्रकला येत नाही म्हणून घाबरला असाल तर ती भीती सोडा. बेरीज-वजाबाकी येत नसेल तर मात्र थोडं घाबरा.

हाताशी काय काय लागेल

- मागच्या तीन वर्षांचे अंक (लायब्ररीत मिळतात, घरी न्यायला देत नाहीत)
- स्टीलची पट्टी, लाल पेन आणि एक दोनशे पानी वही
- मांडणीचं सॉफ्टवेअर: कॉलेजकडे परवाना असेल तर इनडिझाईन, नाहीतर मोफत मिळणारं स्क्रायबस
- दोन चांगले युनिकोड फॉन्ट (ज्यातलं मराठी दुसऱ्या मशीनवरही नीट वाचता येतं ते)
- एक पेनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर, दोन्ही; एकावर भरवसा नको
- प्रेसचं लेखी कोटेशन
- ऑफिसकडून बक्षीसपात्र विद्यार्थ्यांच्या याद्या, एन.एस.एस., एन.सी.सी., जिमखाना यांचे अहवाल आणि मालक-मुद्रक-प्रकाशक यांचं निवेदन छापत असाल तर त्याचा मजकूर

वही कशाला, असं वाटेल. रोज त्यात तीन ओळी लिहायच्या: आज काय ठरवलं, का ठरवलं, कुणी सांगितलं. तिचा उपयोग शेवटी कळतो.

१. प्रेसमध्ये आधी जा

बहुतेक जण सगळं लावून झाल्यावर प्रेसमध्ये जातात. मीही तेच करणार होते, पण कोटेशन हवं म्हणून सरांनी आधी पिटाळलं. प्रेसमधले काका म्हणाले, "अठ्ठेचाळीस पानं बसतील तुमच्या बजेटात." मी मान डोलावली आणि घरी येऊन अठ्ठेचाळीसचा हिशेब मांडला. जागा नाही म्हणून सात कविता आणि एक प्रवासवर्णन बाजूला काढलं, कवींना तसं सांगूनही टाकलं. आठवडाभराने उलगडा झाला. काका पान म्हणजे कागदाचं पान धरून बोलत होते, दोन्ही बाजूंसकट. म्हणजे माझ्याकडे ९६ पृष्ठं होती! त्या सात कवींच्या मागे कॅन्टीनमध्ये फिरून कविता परत मागताना जी शोभा झाली ती तुमची होऊ नये. तेव्हा प्रेसमध्ये, ऑफिसमध्ये, सगळीकडे 'पृष्ठ' हाच शब्द वापरा आणि कोटेशनवरही तोच लिहून घ्या.

काकांना आणखी एवढं विचारा:

फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडला जाणारा कागदाचा एक ताव, किती पृष्ठांचा? आमच्याकडे आठचा होता, तुमच्याकडे सोळाचा असू शकतो. अंकाची एकूण पृष्ठं त्या पटीतच ठेवावी लागतात. आमचे ९६ म्हणजे बरोबर बारा फर्मे झाले. ९७वं पृष्ठ हवं असेल तर एक अख्खा फर्मा वाढतो आणि बजेट कोलमडतं.

रंगीत पृष्ठं किती? सगळा अंक रंगीत छापण्याइतके पैसे क्वचितच असतात. अशा वेळी सगळे रंगीत फोटो एकाच फर्म्यात आणायचे. हे आधी माहीत असेल तर फोटोंची जागा आपोआप ठरते.

बाइंडिंग कसलं? मधोमध पिना असतील तर अंक सपाट उघडतो. पाठीला गोंद लावून चिकटवलेला अंक तसा उघडत नाही, म्हणून आतल्या बाजूचा समास मोठा ठेवावा लागतो. आम्ही बाहेर १५ मि.मी. आणि आत २० मि.मी. ठेवला होता. आत आणखी दोन-तीन हवे होते, हे मागून कळलं.

कागद आणि कटिंग: आतला कागद किती जीएसएम (कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅम), मुखपृष्ठाचा कार्ड किती, कापल्यानंतर अंकाचा नेमका आकार किती मिलिमीटर, आणि ब्लीड किती सोडायचं. ब्लीड म्हणजे कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चित्र किंवा रंग बाहेर वाढवतात तो भाग; तो साधारण ३ मि.मी. असतो. ही मापं वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

२. मजकूर घेताना कडक राहा

मजकूर चार वाटांनी येतो: हाताने लिहिलेला, वर्डमध्ये टाइप केलेला, व्हॉट्सॲपवर पाठवलेला आणि एखाद्या सरांनी जुन्या फॉन्टमध्ये करून ठेवलेला. त्रास देतो तो शेवटचा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. ती कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येते, पण कन्व्हर्टरवर विश्वास टाकू नका. आमच्याकडे ट्रेकिंगवरचा एक लेख होता. त्यातल्या 'दऱ्याखोऱ्या' कन्व्हर्ट होताना 'दर्याखोर्या' झाल्या आणि सह्याद्रीत समुद्र शिरला. रफार, 'ऱ्य', 'ऱ्ह', 'ॲ', 'ऑ' आणि जोडाक्षरं एवढी तरी डोळ्यांखालून घालाच.

दुसरा सापळा नावांचा. ऑफिसची यादी इंग्रजीत असते. त्यात जे लिहिलेलं असतं ते 'काळे' आहे की 'काले', 'माने' की 'मने', हे त्या यादीवरून कुणालाच सांगता येणार नाही. वर्गावर्गात कागद फिरवा आणि प्रत्येकाला आपलं नाव देवनागरीत स्वतःच्या हाताने लिहायला सांगा. कटकटीचं काम आहे. पण चुकलेलं नाव छापून आलं की तो मुलगा तुम्हाला पदवीदानापर्यंत विसरत नाही.

मजकुराला शेवटची तारीख द्या आणि सरांकडून नोटीस बोर्डावर लावून घ्या. तारीख तुम्ही सांगितली तर कुणी ऐकत नाही. सरांनी सांगितली तर निम्मे ऐकतात.

३. डमी बांधा

कॉम्प्युटर उघडण्याआधी कोरे कागद दुमडून अंकाएवढी एक वहीच करा. हीच डमी. तिच्या प्रत्येक पृष्ठावर पेन्सिलीने लिहा: मुखपृष्ठाची मागची बाजू, पदाधिकारी, मनोगत, संपादकीय, अनुक्रमणिका, मग मराठी विभाग, हिंदी विभाग, इंग्रजी विभाग, शेवटी अहवाल.

लेख किती पृष्ठं घेईल याचा अंदाज असा काढा. एक नमुना पृष्ठ भरा आणि शब्द मोजा. आमच्या पृष्ठावर फोटोशिवाय साधारण ३५० शब्द बसत होते. म्हणजे १२०० शब्दांचा लेख, शीर्षक आणि एक चित्र धरून चार पृष्ठं. हा भागाकार प्रत्येक लेखासाठी करा. याने पहिली गोष्ट मला ही शिकवली की मांडणीत सुंदर दिसण्याआधी मावावं लागतं.

एक लक्षात ठेवा: विषम क्रमांकाचं पृष्ठ नेहमी उजव्या हाताला येतं. नवा विभाग उजवीकडून सुरू झालेला बरा दिसतो. पण त्यासाठी डावीकडे कोरं पृष्ठ सोडावं लागत असेल तर तिथे एखादं रेखाचित्र टाका. कोऱ्या पृष्ठावरून मीटिंगमध्ये वाद होतो, रेखाचित्रावरून होत नाही.

४. अक्षर आणि ओळी

या पायरीवर थोडा वेळ काढा. अंक हौशी दिसतो की बरा, हे निम्मं इथेच ठरतं.

आधी सॉफ्टवेअर. जुन्या पेजमेकरला युनिकोड कळत नाही, तेव्हा तो नको. इनडिझाईनमध्ये मराठी टाकल्यावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली आणि जोडाक्षरं फुटली तर घाबरू नका. परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडला की सगळं जागेवर येतं. मला हे कळायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी वेलांट्या हाताने सरकवत होते, खरंच. स्क्रायबस वापरणार असाल तर नवी आवृत्ती, १.६ किंवा पुढची घ्या. कॅन्व्हा पोस्टरला ठीक आहे, पण ९६ पृष्ठांचा वाहता मजकूर त्यात सांभाळताना रडू येईल.

मग फॉन्ट. विंडोजमधला मंगल समोरच दिसतो म्हणून सगळे तोच घेतात. र. कृ. जोशींनी केलेलं ते अक्षर पडद्यावर वाचण्यासाठीचं आहे, छापील मजकुरात ते शोभत नाही. मोफत मिळणाऱ्यांपैकी 'टिरो देवनागरी मराठी' मजकुराला छान आहे आणि त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात: पाकळीचा ल, गाठीचा श. इतर बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं आणि मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच अक्षरं बदलतात. टिरोमध्ये ठळक वजन (म्हणजे अक्षराची जाडी) नाही. सॉफ्टवेअर खोटं ठळक करून देतं, ते घेऊ नका. अक्षरांच्या पोटातली जागा बुजते. शीर्षकांसाठी 'मुक्त' घ्या, त्यात सात वजनं आहेत. दोन फॉन्ट पुरे. मी पहिल्या खर्ड्यात नऊ वापरले होते. मॅडम नुसत्या हसल्या आणि "लग्नपत्रिका आहे का गं?" एवढंच म्हणाल्या.

कमल शेडगेंनी मराठी नाटकांची नावं हाताने रेखाटली, आणि जाहिरातीतलं ते अक्षर बघूनच नाटक ओळखू यायचं. वर्गात कुणाचं अक्षर चांगलं असेल तर अंकाचं नाव त्याच्याकडून कागदावर काढून घ्या आणि स्कॅन करा. डाउनलोड केलेल्या कुठल्याही फॉन्टपेक्षा ते तुमच्या कॉलेजचं दिसेल.

ओळींमधलं अंतर. सॉफ्टवेअरचं आपोआप ठरणारं अंतर इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून आहे, अक्षराच्या १२० टक्के. मराठीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. त्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. ११ पॉइंटच्या मजकुराला १६ पॉइंट अंतर द्या आणि फरक बघा.

अरुंद स्तंभात मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ करू नका. 'विद्यार्थिनींसाठीच्या' असा एक शब्द ओळीत आला की उरलेल्या शब्दांत बोटभर फटी पडतात. एकच रुंद स्तंभ ठेवा, किंवा उजवी कड मोकळी सोडा. कविता डावीकडे लावा. मधोमध लावलेली कविता अभिनंदनाच्या फलकासारखी दिसते.

आणि पॅराग्राफ स्टाईल, म्हणजे अक्षराचा आकार, अंतर वगैरे एकदाच ठरवून ठेवलेले साचे, पहिल्या दिवसापासून करा: शीर्षक, लेखकाचं नाव, मजकूर, कविता, फोटोओळ. मी केल्या नव्हत्या. "अक्षर जरा मोठं करा" असं प्राचार्यांनी म्हटल्यावर दोन रात्री जागून एकेक पृष्ठ बदललं. स्टाईल असती तर एक मिनिट लागलं असतं.

५. फोटो

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा आकसून येते. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हवर मागवा. हिशेब सोपा आहे: छपाईला इंचाला ३०० पिक्सेल हवेत, म्हणजे सहा इंच रुंद फोटोला १८०० पिक्सेल. आतली पृष्ठं एकरंगी असतील तर फोटो तुम्हीच ग्रेस्केल करून उजळ-गडद बघून घ्या. प्रेसवर सोडलं तर लाल शालू आणि हिरवा शालू सारखेच करडे येतात.

आता माझी मोठी चूक. सगळ्या कर्मचाऱ्यांचा ग्रुप फोटो मी दोन समोरासमोरच्या पृष्ठांवर ऐसपैस पसरला. स्क्रीनवर काय दिमाखदार दिसला! अंक चिकटवून आल्यावर मधला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर भाग बाइंडिंगच्या घडीत गेला, आणि त्यात नेमके आमचे शिपाईमामा. तीस वर्षं त्याच कॉलेजात काढलेला माणूस, निवृत्तीचं वर्ष, आणि फोटोत त्यांचा एक कान तेवढा दिसत होता. मामा काही बोलले नाहीत. अंक दोन्ही हातांनी दाबून उघडून बघितला आणि "असू दे बाळ" म्हणाले. दोन पृष्ठांवर फोटो पसरायचाच असेल तर मधल्या रेषेवर भिंत, झाड, आकाश येऊ दे, माणूस नको.

६. प्रुफं कागदावरच

प्रुफं म्हणजे छपाईआधी चुका तपासायच्या प्रती. त्या तीन वेळा वाचायच्या, प्रिंट काढून, लाल पेनाने. पहिलं वाचन तुमचं, दुसरं विभागाच्या सरांचं, तिसरं अंकाशी संबंध नसलेल्या कुणाचं तरी. चुका मोठ्या अक्षरांत जास्त सुटतात, कारण शीर्षक कुणी वाचतच नाही, सगळे ते 'बघतात'. अनुक्रमणिकेतले पृष्ठ क्रमांक सगळ्यात शेवटी, प्रत्यक्ष अंक उलटत तपासा. प्रत्येक प्रुफावर तारीख घाला, सही घ्या, आणि ते गठ्ठे टाकू नका.

७. प्रेसला फाइल देताना

पीडीएफ एकेका पृष्ठाची द्या, जोडपृष्ठांची नको. फर्म्यात पृष्ठं कशी बसवायची ते प्रेस बघते. ब्लीड आणि कटिंगच्या खुणा चालू ठेवा. फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट झालेत ना बघा. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा असू द्या: काळा शंभर टक्के, रंगीत छपाईच्या बाकी तिन्ही शाया (निळी, गुलाबी, पिवळी) शून्य. चारही शायांचा काळा बारीक अक्षराला दिला तर छपाईत जरा सरकलं की अक्षराला रंगीत सावली पडते. मुखपृष्ठावरचं नाव कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत ठेवा.

फाइलच्या नावात 'फायनल' लिहू नका. माझ्याकडे 'फायनल', 'फायनल २' आणि 'खरंच फायनल' अशा तीन फाइली होत्या. तारीख लिहा.

८. अंक आला की आठ दिवसांत हे करा

इथपर्यंतचं कुणीही सांगेल. ही पायरी मात्र सगळे गाळतात. अंक हातात आला की पेढे वाटून मोकळे होतात, आणि सहा महिन्यांनी "त्यातून काय शिकलास?" असं विचारलं तर "इनडिझाईन" एवढंच उत्तर येतं.

एक प्रत स्वतःसाठी ठेवा, तिच्यावर तुमचं नाव घाला आणि लाल पेन घेऊन बसा. पहिल्या पृष्ठापासून शेवटपर्यंत, आपल्याच अंकावर. जिथे डोळा अडखळतो तिथे गोल करा. मग रोजची वही उघडा आणि प्रत्येक गोलासमोर तीन रकाने भरा: काय ठरवलं होतं, का, आणि छापून काय आलं. माझे साठेक गोल झाले. त्यातले बरेचसे एकाच जातीचे होते: मी स्क्रीनवर पृष्ठ मोठं करून काम केलं होतं, म्हणून फोटोओळी फार बारीक ठेवल्या गेल्या. ही एक चूक नव्हती, सवय होती. साठ गोल एकत्र बघितल्याशिवाय ती दिसली नसती.

दुसरं काम: लोक अंक कसा उघडतात ते बघा. मी दोन दिवस लायब्ररीच्या दारात उभी राहून हेच केलं. संपादकीय कुणी उघडलं नाही. प्रत्येकाने आधी अनुक्रमणिकेत आपलं नाव शोधलं, मग ग्रुप फोटोत आपला चेहरा. अनुक्रमणिका मी अर्ध्या पृष्ठात, बारीक अक्षरात कोंबली होती आणि संपादकीयाला नक्षीची चौकट काढत एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. अंकात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं पृष्ठ कुठलं, हा प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तकाला पहिला विचारते.

९. पोर्टफोलिओत घालताना

एम. डेस. (डिझाईनमधली पदव्युत्तर पदवी) च्या मुलाखतीला किंवा नोकरीसाठी जाल तेव्हा नुसती मुखपृष्ठं चिकटवू नका. 'टीमवर्क', 'क्रिएटिव्हिटी' हे शब्दही नकोत, ते सगळ्यांच्याच कागदावर असतात. त्याऐवजी नेमकं लिहा: ९६ पृष्ठं, इतके लेख, इतकं बजेट, तीन प्रुफं, माझं काम कुठून कुठपर्यंत. चित्रं मैत्रिणीची असतील तर तिचं नाव घाला. एकाच पृष्ठाचे तीन टप्पे शेजारी शेजारी ठेवा: डमीवरची पेन्सिल, नऊ फॉन्टचा पहिला खर्डा, छापलेलं पृष्ठ. म्हणून ते प्रुफांचे गठ्ठे टाकायचे नव्हते. विद्यार्थ्यांचे फोन नंबर किंवा पत्ते छापलेली पृष्ठं दाखवणार असाल तर ते झाका.

चुकलेलं एक पृष्ठ मुद्दाम ठेवा. मी मामांचा फोटो ठेवला होता. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत त्याच पृष्ठावर दहा मिनिटं बोलणं झालं; मुखपृष्ठ उलटून बघितलंसुद्धा नाही.

१०. पुढच्यासाठी फोल्डर

शेवटची फाइल, फॉन्ट, स्टाईल, देवनागरीतल्या नावांची यादी, प्रेसने दिलेली मापं आणि कोटेशन, सगळं एका फोल्डरमध्ये घालून सरांकडे द्या. लाल गोलांच्या प्रतीची झेरॉक्स काढून तीही जोडा. मामांचा फोटो मी दुसऱ्या वर्षीच्या अंकात पुन्हा छापला, एकाच पृष्ठावर, आणि एक प्रत त्यांच्या घरी नेऊन दिली.